निरंक

धावपट्टी एकच, फाटकं दोन.
त्यांच्या फाटकावर वाळूच्या गोण्या, हिरवा रंग,
आणि एक निंब, ज्याच्या सावलीत कुणी बसत नाही.
आमच्या फाटकावर केळीचे खुंट,
उद्घाटनाला रोवलेले.
त्यांनी मूळ धरलं. मागच्या साली घडही धरला.
कापायचा कुणी, ते ठरेना;
शेवटी पोपटांनी ठरवलं.

मी काउंटरवर बसते.
दुपारी सामानाच्या काट्यावर स्वतःच उभी राहते.
अठ्ठावन्न. एकोणसाठ. परत अठ्ठावन्न.
एवढाच इथला चढउतार.
सामानाचा पट्टा जाम होऊ नये म्हणून
दर सोमवारी रिकामा फिरवतो.
सुभानभाऊंनी एकदा त्यावर जेवणाचा डबा ठेवला,
एक फेरा येऊ दिला,
मग आपलाच ओळखून उचलला.

सुभान तडवी. काम: पाखरं हाकणे.
पोरपणी माळ्यावर उभा राहून गोफणीनं ज्वारी राखायचा.
आता फटाके मिळतात, मोजून, सही करून.
तेव्हा कणसं होती, म्हणतो,
आणि पुढचं बोलत नाही.

यंदा टिटवीनं पट्टीच्या कडेला,
त्यांची हद्द संपते आणि आमची सुरू होत नाही
अशा दोन हात जागेत
चार अंडी घातली. उघड्या खडीवर,
खडीच्याच रंगाची.
सुभाननं वर कळवलं नाही.
दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर
अंड्यांच्या चार कोपऱ्यांना चार दगड,
चुना ओला, दगड सुतात.
आमच्याकडे चुना नसतो.
दगड सुतात लावायची सवयही नाही.

त्या बुधवारी मात्र विमान खरंच आलं.
द्वारकाबाई सकाळी सातपासून बसून होत्या,
मांडीवर भरताचा डबा, वर कळण्याच्या भाकरी फडक्यात.
मुलगा पाच वर्षांनी येणार, तोही वरून.
पंखा त्यांच्याकडे वळवला,
तर पदर सावरत म्हणाल्या, राहू दे, बिल येईल तुम्हाला.

सगळ्यांना दिसलं ते.
अनेरवरून आलं, सातपुड्याकडे झुकलं,
पांढरं, लहान, उन्हात विरघळल्यासारखं.
मग त्यांच्या बाजूनं फोन आला:
सराव सुरू आहे, थांबा.
कशाचा, किती वेळ, हे विचारायचं नसतं.
विमानानं एक घिरटी घातली. दुसरी घातली.
त्यांची दोन जेटं पट्टीवरून फाडत गेली,
काचा वाजल्या,
माझा पेनांचा डबा टेबलावरून चालत जाऊन पडला.
तिसऱ्या घिरटीनंतर विमान इंदूरला निघून गेलं.

"इमान उनं ना व पोरी?" द्वारकाबाई म्हणाल्या.
"मंग उतरस का नही?"

माझ्याकडे छापील उत्तर होतं:
कार्यान्वयनविषयक कारणास्तव.
ते मी अहिराणीत म्हणून पाहिलं, मनातल्या मनात.
नाही जमलं.
पाणी आणून दिलं.
त्या काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या;
तो टिकलीचा लाल ठिपका
मी अजून पुसलेला नाही.

मुलगा पहाटेच्या एसटीनं उतरला, असं कळलं.
भरीत तोवर विटलं होतं.

संध्याकाळी रजिस्टर भरायला घेतलं.
आगमन: निरंक.
प्रस्थान: निरंक.
आकाशात तीनदा आलं, त्याला रकाना नाही.
सुभान त्याच्या पानाशी अडला.
पट्टीवर आढळलेले पक्षी.
"काय लिहू, ताई?"
जेटं गेली तेव्हा ती उठली का, मी विचारलं.
"नुसते पंख पसरले," म्हणाला, "अंड्यांवर. दगडाच्या आतच."

तारेपलीकडे कुणीतरी बादली विसळत होतं,
चुन्याचं पाणी बुटांनी पसरवत होतं.
आमच्याकडे पाहिलं. पाहिलं नाही असं पाहिलं.

लिहा, म्हटलं, निरंक.
त्यानं लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्याचं.